झोपेची, टेन्शनची गोळी पाव-पाव करून उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालेगाव-धुळे पट्ट्यात नशेसाठी विकली जाणारी ‘कुत्ता गोळी’ पकडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. बातमीत औषधाचे नाव असते, अल्प्राझोलम. त्यानंतरचे दोन-चार दिवस मेडिकलच्या काउंटरवर एक दृश्य ठरलेले. साठी-पासष्टीचे कुणी चष्म्याच्या डबीत जपून ठेवलेली पट्टी काढतात, मागच्या चंदेरी बाजूवरच्या नावावर बोट ठेवतात आणि आजूबाजूला बघून हळूच विचारतात, ‘‘भाऊ, पेपरमधली ती हीच का?’’ औषध तेच असते. डॉक्टरांनी लिहून दिलेली, पाच-सात वर्षे रोज रात्री जेवणानंतर घेतलेली गोळी नशेची निघाली, या धक्क्याने माणूस घरी जातो आणि उरलेली पट्टी उकिरड्यावर फेकतो.

नशेच्या बाजारावर कारवाई व्हायलाच हवी. पण पट्टी फेकणाऱ्या या माणसाचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी काय होते, ते बातमीत नसते. तेवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. खाली दिलेला हिशेब रुग्णाने आपल्या डॉक्टरांसमोर ठेवून बोलावे म्हणून आहे. पेपरात वाचून कुणी उद्या सकाळी सुरीने गोळ्या कापायला बसू नये.

ज्यांना आपल्याकडे कुणी टेन्शनची, कुणी झोपेची, कुणी नुसती ‘बारीक गोळी’ म्हणते, त्या बहुतेक एकाच घराण्यातल्या आहेत: अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड. एटिझोलाम त्यांची चुलत बहीण. घराण्याचे नाव बेन्झोडायझेपिन. यातली पहिली गोळी, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आली आणि १९६३ मध्ये डायझेपाम. घबराटीचा झटका, आकडी, ऑपरेशनआधीची भीती अशा वेळी ही औषधे फार उपयोगाची आहेत. दोन-चार आठवड्यांसाठी लिहिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे चालत राहते, तेव्हा अडचण सुरू होते.

मेंदूत गाबा नावाचे रसायन ब्रेकचे काम करते. ही गोळी तो ब्रेक अधिक जोराने दाबते. रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू आपले स्वतःचे ब्रेक हळूहळू ढिले सोडतो. मग गोळी एकदम काढली तर कन्नड घाटात उतरणीला लागलेल्या ट्रकचे ब्रेक जावेत तसे होते. मेंदूला स्वतःचे ब्रेक पुन्हा आवळायला आठवडे लागतात, कधी महिने. सगळी युक्ती त्याला तेवढा वेळ देण्यात आहे. शरीराला लागलेल्या या सवयीला व्यसन म्हणून कुणी हिणवू नये. सांगितलेल्या मात्रेपेक्षा एक गोळीही कधी जास्त न घेतलेल्या आजीच्या शरीरालाही ती लागते.

एकदम बंद केल्यावर त्रास कधी सुरू होतो, हे गोळीवर अवलंबून आहे. अल्प्राझोलम, लोराझेपाम, एटिझोलाम रक्तातून लवकर उतरतात. त्यांचा त्रास एक-दोन दिवसांतच जाणवतो. क्लोनाझेपाम आणि डायझेपाम रेंगाळतात, म्हणून पहिले तीन-चार दिवस माणूस अगदी ठणठणीत असतो, ‘‘सुटली बुवा गोळी’’ म्हणून घरात सांगतो आणि आठवडा भरता भरता कोसळतो. झोप पूर्ण उडते, छातीत धडधड, दरदरून घाम, हातातला चहाचा कप हलतो. अंगावर मुंग्या येतात, पिंढऱ्या ओढतात, भांडे पडल्याचा आवाज सहन होत नाही, उजेड डोळ्यांत टोचतो, आपण आपल्यातच नाही असे वाटते. मात्रा मोठी आणि वापर जुना असेल तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू शकतात. अशा वेळी घरचे ‘बाहेरचे काही’ समजून भगताकडे धावतात आणि मोलाचे तास निघून जातात.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत हे विशेष घडते. माहेरी निघालेली सासुरवाशीण गोळ्यांची पट्टी मुद्दाम सासरीच ठेवते, आईला किंवा भावजयीला कळू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी तिला ‘जीव घाबरा व्हस, झोप लागत नही’ सुरू होते आणि सगळे उन्हाला दोष देतात. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचे, सुरतेला कामावर परतणाऱ्या मुलाचे तेच. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी दवाखान्यात भरती झालेल्या माणसाचेही तेच, कारण बीपी-शुगरच्या गोळ्या नातेवाईक न चुकता सांगतात आणि ‘ती झोपेची’ औषधांत धरतच नाहीत. ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट अंथरुणावरून उठून पळायला लागतो, तेव्हा कारण शोधता शोधता सगळ्यांची दमछाक होते. भरती होताना ही गोळी सांगा. नाव आठवत नसेल तर रिकामी पट्टी दाखवा.

गोळी बंद केल्यावर आलेला त्रास म्हणजे मूळचा आजारच उलटला, असा समज बहुतेकांचा होतो आणि गोळी पुन्हा सुरू होते, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठी. दोन्ही ओळखता येतात. मूळची चिंता परत येते ती सावकाश, काही आठवड्यांत, आणि तिचे रूप ओळखीचे असते: तीच कर्जाची काळजी, तीच गर्दीची भीती. गोळी उतरल्याचा त्रास काही दिवसांत येतो आणि त्यात नवीच लक्षणे असतात. मुंग्या, आवाजाचा त्रास, जिभेला लोखंडासारखी चव या तक्रारी त्या माणसाला आधी कधी नव्हत्या. शिवाय एका पायरीवर थांबून राहिले की हा त्रास दिवसागणिक ओसरतो. रोज रात्री वहीत एक ओळ लिहिली, किती तास झोप आणि दहापैकी किती घबराट, तरी महिन्याभरात डॉक्टरांना फरक दिसतो.

आता प्रत्यक्ष उतरवणे. आधी पट्टीवरची सगळी नावे वाचून घ्या, कारण अनेक गोळ्या जोडगोळ्या असतात. अल्प्राझोलमसोबत धडधड कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल, क्लोनाझेपामसोबत चिंता-नैराश्यावरचे एस्सिटालोप्राम, पोटाच्या गोळीत क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड. ‘ॲसिडिटीची’ म्हणून वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळीत हे घराणे लपलेले असते, हे कित्येकांना माहीत नसते. जोडगोळी अर्धी केली की दोन्ही औषधे एकाच वेळी अर्धी होतात. प्रोप्रॅनोलॉल एकदम कमी झाले की नाडी जोरात पळते, हृदयविकार असलेल्याला ते धोक्याचे. एस्सिटालोप्राम एकदम कमी झाले की चक्कर, मळमळ आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. त्यात भर म्हणजे त्रास नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिली पायरी मात्रा कमी करण्याची नसतेच. जोडगोळीऐवजी दोन सुट्या गोळ्या लिहून घ्यायच्या, दोन आठवडे त्याच मात्रेत स्थिर राहायचे आणि मग बेन्झोडायझेपिनला हात लावायचा. एस्सिटालोप्राम चालू ठेवायचे की नाही हा नंतरचा, वेगळा प्रश्न. चिंतेचा मूळ आजार असलेल्यांना ते चालू असण्याचा आधारच होतो.

किती वेगाने उतरायचे? अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२५ मध्ये मिळून दिलेली दिशा अशी: दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त उतरू नये. टक्केवारी चालू मात्रेची आहे, मूळ मात्रेची नाही. या एका शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे शेवटच्या टप्प्यात बहुतेक जण अडखळतात.

आपल्याकडे सर्रास दिसणारे उदाहरण घेऊ. क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, रोज रात्री एक, तीन वर्षे. डॉक्टरांकडून ०.५ च्या एका गोळीऐवजी ०.२५ च्या दोन साध्या गोळ्या लिहून घ्यायच्या. मात्रा तीच राहते. आता प्रत्येक गोळीचे चार पाव धरा. हा हिशेब ठेवायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही: दोन, पावणेदोन, दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धी, पाव. आठ शब्द, आठ पायऱ्या. लिहिता न येणाऱ्या आजीलाही त्या पाठ होतात, कारण दूध, तेल तिने आयुष्यभर याच मापांनी घेतले आहे.

पावणेदोन, दीड, सव्वा आणि एक या चार पायऱ्यांवर निदान दोन-दोन आठवडे. पाऊण, अर्धी आणि पाव या तिन्हींवर चार-चार आठवडे. एकूण २० आठवडे झाले, आणि ०.२५ च्या एकूण ११९ गोळ्या लागतात. दहाची पट्टी असेल तर १२ पट्ट्या, पंधराची असेल तर ८. हा आकडा मुद्दाम दिला, कारण मध्येच गोळ्या संपून चार दिवस खाडा पडला की केलेली मेहनत वाया जाते.

दोनवरून पावणेदोनवर आल्यावर साडेबारा टक्के कमी झाले. वर दिलेल्या ५ ते १० टक्क्यांपेक्षा हे थोडे जास्त आहे, म्हणून वय झालेल्यांनी किंवा आधी एकदा प्रयत्न फसलेल्यांनी याही पायरीवर दोनऐवजी चार आठवडे राहावे. पण खाली या. एकवरून पाऊण म्हणजे २५ टक्के. पाऊणवरून अर्धी म्हणजे ३३ टक्के, वरच्या २५ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे; म्हणूनच शेवटच्या तिन्ही पायऱ्यांवर चार-चार आठवडे. अर्धीवरून पाव म्हणजे चालू मात्रेच्या निम्मी कपात. बोटांनी तोच पाव काढतो आहोत, मेंदूला मात्र तो दरवेळी आधीपेक्षा मोठा वाटतो. ‘‘आता अर्धीच तर राहिली, सोडून देऊ’’ हे वाक्य सर्वांत महागात पडते ते याच कारणाने. ज्यांना पाऊणच्या खाली उतरताच येत नाही, त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ ‘एक’ किंवा ‘पाऊण’ पायरीवरच डायझेपामवर बदल करू शकतात. ०.२५ मिलिग्रॅम क्लोनाझेपामच्या जागी साधारण ५ मिलिग्रॅम डायझेपाम येते. त्याची २ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिचा पाव म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे २५ टक्क्यांच्या जागी १० टक्क्यांची पायरी हाती येते. वेगवेगळ्या तक्त्यांत हे समतुल्य आकडे दुपटीनेही बदलतात, म्हणून हा बदल घरी करायचा नाही. वृद्धांत आणि यकृताच्या आजारात डायझेपाम शरीरात साचत जाते, तोल जातो, पडणे होते. तिथे दुसरा मार्ग निवडावा लागतो.

अल्प्राझोलमची वाट थोडी वेगळी. ते लवकर उतरते, म्हणून रात्रीची गोळी घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच तगमग सुरू होते. ०.५ सकाळ-संध्याकाळ घेणाऱ्याची दिवसाची मात्रा १ मिलिग्रॅम. ती ०.२५ च्या चार गोळ्यांत विभागून आधी सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन अशी पसरवतात. मात्रा तीच, पण दिवसभर पातळी समान राहते. आठवडा-दोन आठवडे तसे गेले की एका वेळची अर्धी गोळी कमी, म्हणजे दिवसाच्या साडेबारा टक्के. दिवसाच्या दोन गोळ्यांवर आल्यावर अर्धीऐवजी पावाची पायरी. कोणत्या वेळची आधी काढायची हे रुग्णाच्या त्रासावरून ठरते. रात्रीची बहुधा शेवटी राहते.

‘‘एक दिवसाआड घ्या’’ हा सल्ला फार प्रेमाने दिला जातो आणि फार नुकसान करतो. अल्प्राझोलम दिवसाआड घेणे म्हणजे दर दुसऱ्या दिवशी गोळी एकदम तोडणे. मेंदूला रोज थोडे कमी चालते, एक दिवस पूर्ण आणि एक दिवस शून्य चालत नाही. मात्रा रोज, ठरल्या वेळीच घ्यायची. त्रास वाटला तर पुढची पायरी लांबवायची, गरज पडलीच तर एक पायरी वर जायचे. थेट जुन्या मात्रेवर परत जायचे नाही, आणि ‘आज बरे वाटतेय’ म्हणून दोन पायऱ्या एकदम उतरायच्या नाहीत.

दुसरी चूक आकड्यांची. काउंटरवर ‘पॉइंट फाइव्ह’ आणि ‘पॉइंट टू फाइव्ह’ असे बोलले जाते. पाचापेक्षा पंचवीस मोठे, या साध्या व्यवहारी समजुतीने अनेकांना ०.२५ ची गोळी जास्त ताकदीची वाटते. मात्रा कमी करायला दिलेली चिठ्ठी पाहून ‘डॉक्टरांनी तर वाढवली’ म्हणून ते जुनीच पट्टी घेतात. काही जण उलट करतात, ०.५ ची पट्टी हातात असताना सांगितलेल्या ‘दोन’ गोळ्या घेतात आणि दुप्पट मात्रा पोटात जाते. उतरवणे सुरू झाल्यावर घरात एकाच ताकदीची पट्टी ठेवावी, जुनी मेडिकलमध्ये परत द्यावी.

कापण्याबद्दल. मधोमध रेघ असलेली साधी गोळी गोळी-कटरने नीट कापली जाते. सुरी, विळी किंवा दातांनी एक तुकडा मोठा आणि एक भुगा होतो. एसआर लिहिलेली, म्हणजे दिवसभर हळूहळू विरघळणारी गोळी कापायची, चावायची नाही. तिची रचना मोडली की दिवसाची मात्रा तासाभरात रक्तात उतरते. एमडी, म्हणजे जिभेवर विरघळणारी गोळी इतकी ठिसूळ असते की तिचे पाव पडत नाहीत, पावसाळ्यात तर ती बोटांनाच चिकटते. म्हणून चिठ्ठीवर ‘साधी गोळी’ लिहून घ्यावे. एका वेळी आठवड्यापुरतेच तुकडे कापून कोरड्या झाकणाच्या डबीत ठेवावेत. क्लोनाझेपाम शरीरात रेंगाळत असल्याने एखादा पाव लहान-मोठा पडला तरी दोन-तीन दिवसांत सरासरी सावरली जाते. अल्प्राझोलमला ती सवलत नाही. गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने मोजायचा घरगुती उपायही करू नये. क्लोनाझेपाम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तळाशी बसते. वरचे चमचे रिकामे जातात आणि शेवटच्या चमच्यात सगळे येते.

आता इतर औषधांची गाठ, जी बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. गजकर्णासाठी हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनाझोलची कॅप्सूल अल्प्राझोलमला शरीरातून बाहेर पडू देत नाही. दोन्ही एकत्र देऊच नयेत असा स्पष्ट इशारा आहे. कॅप्सूल चालू असताना माणूस दिवसभर पेंगतो, कॅप्सूल संपली की पातळी खाली येते आणि घबराट उसळते. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन नेमके उलटे करते: अल्प्राझोलम इतक्या झपाट्याने संपवते की गोळी रोज घेत असूनही ती तोडल्यासारखा त्रास होतो. आकडीवरचे कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनही तेच करतात. नवे औषध सुरू होताना ही गोळी सांगितली नाही तर डॉक्टरांना हे कळायला मार्ग नाही. कंबरदुखीसाठी मिळणारे ट्रॅमाडॉल दोन्हीकडून घातक: गोळीसोबत घेतले तर श्वास मंदावतो, आणि गोळी उतरत असताना घेतले तर आकडीची शक्यता वाढते.

दारूबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. दारूही मेंदूतल्या त्याच ब्रेकवर काम करते. गोळी कमी झाल्यावर संध्याकाळी दोन पेग घेतले की बरे वाटते ते म्हणूनच, आणि म्हणूनच महिन्याभरात एका सवयीच्या जागी दुसरी, अधिक वाईट सवय उभी राहते. गोळी आणि दारू एका रात्री एकत्र झाली तर झोपेतच श्वास थांबू शकतो. रोज पिणाऱ्याने घरी गोळी उतरवायला घेऊच नये. त्याला भरती होऊनच दोन्हींचा बंदोबस्त करावा लागतो.

सुरुवात कधी करावी, यालाही आपल्या भागात महत्त्व आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर असतो. रात्री गच्चीवरही झोप लागत नाही, घाम आणि धडधड तर सगळ्यांनाच असते. त्या दिवसांत गोळीचा त्रास कुठला आणि उन्हाचा कुठला हे ओळखू येत नाही. श्रावणात कानबाईचे रोट झाले, निंदणी-खुरपणीची घाई ओसरली की रात्री सुसह्य होतात, तेव्हा पहिला पाव काढावा. मध्ये दिवाळी किंवा घरचे लग्न आले तर त्या आठवड्यात आहे त्याच पायरीवर राहावे. रावेर-यावलकडे केळीला पाणी द्यायला वीज कधी दिवसा, कधी रात्री येते. गोळी घेऊन अंधारात मोटार चालू करायला जाणे म्हणजे विहिरीचा काठ, उघडी वायर आणि साप या तिघांशी पेंगत गाठ. अशा शेतकऱ्याने आपल्या रात्रपाळीचे डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ त्याप्रमाणे ठरवून घ्यावी.

झोप काही दिवस तुटक राहणार, हे आधीच मान्य करावे. दुपारी चारनंतर चहा बंद, दुपारची वामकुक्षी बंद, आणि रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी सकाळी उठण्याची वेळ एकच. अंथरुणावर वीस-पंचवीस मिनिटे तळमळत राहिल्यास उठून दुसऱ्या जागी बसावे, पेंग आली की परत यावे. झोपेची ही शिस्त औषधाइतकीच कामाची आहे, फक्त तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात.

कुणी हे करू नये, तेही सांगायला हवे. आकडीसाठी क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम चालू असलेल्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांशिवाय पावसुद्धा कमी करायचा नाही. गरोदर स्त्रीने घाबरून एकदम तोडायची नाही, डॉक्टरांकडे जाऊन बोलायचे. आधी कधी गोळी सोडताना आकडी आलेली असेल किंवा मात्रा खूप मोठी असेल तर उतरवणे दवाखान्यातच. उलट बाजूने, जो महिन्यातून एखाद-दोनदाच गोळी घेतो किंवा आठ-दहा दिवसच घेतली आहे, त्याला एवढ्या लांब हिशेबाची सहसा गरज पडत नाही.

आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका, घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. पाच मिनिटांत थांबली नाही तर जीव धोक्यात आहे. थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. भ्रम होणे किंवा जीव द्यावासा वाटणे यालाही तोच नियम. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून हा सगळा हिशेब मांडता येतो.

डॉक्टर मंडळींना विनंती: ‘टेपर करा’ एवढेच लिहून चिठ्ठी देऊ नका. पावणेदोन कोणत्या तारखेपर्यंत, दीड कोणत्या तारखेपासून, असे मराठीत लिहा आणि पाच महिन्यांत किमान चार वेळा पेशंटला बोलवा. आणि पहिल्यांदा ही गोळी लिहितानाच ती कधी थांबवायची, ती तारीख चिठ्ठीवर टाका.

मेडिकलवाल्या मित्रांना: १ मार्च २०१४ पासून औषध नियमांतले एच-१ परिशिष्ट लागू आहे आणि अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम त्यात आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, रजिस्टरमध्ये डॉक्टरांचे आणि पेशंटचे नाव, औषध आणि संख्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. हे पाळायलाच हवे. पण कालपर्यंत विनाचिठ्ठी देणाऱ्याने तपासणीच्या भीतीने आज एकाएकी ‘नाही’ म्हटले की समोरच्या म्हाताऱ्याची गोळी आपल्या हाताने तुटते. नाही म्हणताना एवढे तरी सांगा: ‘‘काका, ही एकदम बंद होत नाही. आजच डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा.’’ दुसरे, तालुक्याच्या दुकानांत ०.५ ची पट्टी हमखास असते, क्लोनाझेपाम ०.२५ ची साधी गोळी आणि डायझेपाम २ मात्र मागवावी लागते. अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून नंदुरबार गाठावे लागू नये. वीस आठवड्यांची चिठ्ठी समोर आली की पुढच्या पायरीच्या गोळ्या आठवडाभर आधी मागवून ठेवा.

आणि संपादक महोदय, आपल्याला एकच विनंती. यापुढे ‘कुत्ता गोळी’ची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली चौकटीत दोन ओळी द्या: ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीने ही गोळी रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. ती हळूहळू कशी कमी करायची, हे डॉक्टरांना विचारा.’

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही फार्मासिस्ट आणि मानसोपचार क्षेत्रातील कार्यकर्ते